पेठेची ईर्षा, माणसाचा अपमान

क्रिकेटची सार्वभौम सत्ता ज्या महाराष्ट्राने केव्हाच मान्य केली आहे, त्याच महाराष्ट्रात कोल्हापूर हे असे एक शहर आहे की, थंडीचे दिवस लागले म्हणजे तेथील चौकाचौकांत धावसंख्येची नव्हे तर गोलांची चर्चा सुरू होते, आणि दुपार कलली की साठमारीच्या बाजूने छत्रपती शाहू स्टेडियमकडे जाणारे रस्ते, खांद्यावर आपापल्या संघाचा झेंडा घेतलेल्या तरुणांनी, त्यांच्या मागून येणाऱ्या प्रौढांनी आणि नातवंडांचा हात धरून निघालेल्या वृद्धांनी भरून जातात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे बोलीतली केएसए, हिच्या छत्राखाली येथे दरसाल साखळी स्पर्धा होते, तिच्या मागोमाग निरनिराळ्या चषकांच्या स्पर्धा लागतात, आणि उन्हाळा सरेपर्यंत हा खेळ शहराच्या नित्य व्यवहाराचा भाग होऊन राहतो. २०१७ साली भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतीय संघातून खेळलेला अनिकेत जाधव हा याच मातीतला. आणि त्याच्या निवडीचा आनंद शहराने ज्या रीतीने साजरा केला तिच्यात घरच्या मुलाविषयीचा अभिमान स्पष्ट दिसत होता.

या खेळाचे वैशिष्ट्य असे की येथील संघ हे कंपन्यांचे किंवा धनिकांचे नसून पेठांचे आणि तालमींचे आहेत. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ ही नावे नुसती उच्चारली तरी त्यांच्यामागे एकेक वस्ती, एकेक चौक, तिथला गणपती आणि तिथला मोहरमचा पंजा उभा राहतो. कारण कोल्हापुरातल्या कित्येक तालमींत गणेशोत्सव आणि मोहरम हे दोन्ही उत्सव एकाच छपराखाली आणि एकाच श्रद्धेने होत आले आहेत. ज्या तालमीत आजा कुस्तीसाठी लंगोट कसत होता, तिच्याच नावाची जर्सी घालून नातू चेंडूमागे धावतो, आणि म्हणून येथील प्रेक्षक तिकीट काढून करमणूक विकत घेणारा ग्राहक नसतो, तर आपल्या घराण्याची अब्रू मैदानात उतरलेली पाहणारा आप्त असतो. कोल्हापुरात ज्याला ईर्षा म्हणतात ती हीच. आणि मी प्रारंभीच सांगून टाकतो की या ईर्षेविरुद्ध माझी काडीचीही तक्रार नाही, कारण तिच्यावाचून हा खेळ पोलिसांच्या कवायतीइतका निर्जीव होऊन जाईल.

तक्रार आहे ती या ईर्षेच्या आश्रयाने गॅलरीत शिरलेल्या एका वेगळ्याच वृत्तीविषयी. गेल्या कित्येक हंगामांत असे घडत आले आहे की, दोन तुल्यबळ पेठांचे संघ समोरासमोर आले म्हणजे क्रीडावार्ताहराच्या बातमीत गोल कोणी केला याच्याइतकीच जागा हुल्लडबाजीला द्यावी लागते; अश्लील घोषणा, हावभाव, मैदानात भिरकावलेल्या पाण्याच्या बाटल्या, प्रसंगी दगड, पंचाच्या अंगावर धावून जाणे, आणि सामना संपल्यावर स्टेडियमबाहेर किंवा थेट पेठेच्या तोंडाशी होणारी हाणामारी. पोलिसांना बंदोबस्त वाढवावा लागतो, सामने मध्येच थांबवावे लागतात, संघांच्या पदाधिकाऱ्यांना बोलावून समज द्यावी लागते, दंड आणि निलंबनाची कारवाई होते, काही काळ शांतता राहते, आणि पुढच्या ईर्षेच्या सामन्याला मागचाच प्रकार घडतो. याचा पहिला परिणाम असा की ज्या शहरातल्या मुली आज उत्तम फुटबॉल खेळतात, त्या शहरातल्या आयाबहिणींना मोठ्या सामन्याच्या गॅलरीत बसणे अवघड होते; कारण ज्या घोषणा तेथे हजार कंठांतून निघतात, त्यांतली पुष्कळशी बाईच्या देहावरच रचलेली असतात.

परंतु अश्लीलतेहूनही मला अधिक चिंतनीय वाटणारी गोष्ट दुसरी आहे. गेल्या काही वर्षांत पेठांच्या संघांतून परदेशी खेळाडू, विशेषतः नायजेरिया आणि आफ्रिकेतील इतर देशांतून आलेले खेळाडू, खेळू लागले. कोल्हापूरने त्यांचे मनमुराद कौतुक केले, त्यांना खांद्यावर घेऊन मिरवले, चहाच्या गाड्यावर त्यांना अगत्याने बोलावले, ही गोष्ट या शहराच्या उदारपणाची साक्ष आहे आणि ती नाकारणे अन्यायाचे होईल. मात्र आपल्या संघाकडून खेळणाऱ्या कृष्णवर्णी माणसावर प्रेम करणे सोपे असते. कसोटी लागते ती विरुद्ध संघाच्या कृष्णवर्णी माणसाने आपल्या गोलजाळ्याकडे मुसंडी मारली तेव्हा. अशा क्षणी शेरेबाजीचा रोख त्याच्या खेळावरून त्याच्या कातडीकडे वळायला किती थोडे अंतर तुडवावे लागते, हे भरलेल्या गॅलरीत बसलेल्या कोणालाही निराळे सांगावे लागत नाही.

ही भीती काल्पनिक आहे असे कोणास वाटत असेल तर त्याने २००७ सालच्या ऑक्टोबरात मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर काय घडले ते आठवावे. ऑस्ट्रेलियाचा अष्टपैलू खेळाडू अँड्र्यू सायमंड्स, ज्याच्या जन्मदात्यांपैकी एक आफ्रो-कॅरिबियन वंशाचा होता, त्याला उद्देशून प्रथम बडोद्याच्या सामन्यात माकडाचे आवाज काढण्यात आले. आणि काही दिवसांनी मुंबईच्या सामन्यात तोच प्रकार हावभावांसह पुन्हा झाला, तो छायाचित्रांत पकडला गेला, आणि पोलिसांना काही प्रेक्षकांवर कारवाई करावी लागली. बडोद्याच्या प्रकारानंतर आपल्याकडे जो सूर निघाला तो लक्षात ठेवण्यासारखा आहे: हा गैरसमज आहे, आमच्या लोकांत वर्णद्वेष असूच शकत नाही, आम्ही तर स्वतःच वर्णद्वेषाचे बळी. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध जगात प्रथम उभे राहिलेल्या राष्ट्रांत आपली गणना होते हे खरे. पण राष्ट्राने परराष्ट्र धोरणात घेतलेली भूमिका आणि त्याच राष्ट्रातल्या माणसाने दहा हजारांच्या गर्दीत तोंडातून काढलेला आवाज यांचा परस्परसंबंध आपोआप जुळत नाही, हे मुंबईच्या त्या छायाचित्रांनी निर्विवादपणे दाखवून दिले.

आणि तो जुळावा तरी कसा? ज्या समाजात वधूच्या जाहिरातीत वर्ण हा गुण म्हणून छापला जातो, सावळ्या मुलीच्या जन्माबरोबर तिच्या लग्नाची चिंता जन्माला येते, वर्गातल्या काळ्या मुलाला त्याच्या रंगावरून पाडलेले नाव निवृत्तीपर्यंत पुरते आणि ते पाडणाऱ्याला आपण काही दुष्कृत्य केले असे यत्किंचितही वाटत नाही, त्या समाजातला तरुण गॅलरीत येताना ही शिदोरी घराबाहेर ठेवून येईल अशी अपेक्षा करणेच भोळेपणाचे आहे. आपण वर्णद्वेष हा गोऱ्यांचा रोग मानतो आणि आपल्या घरातल्या रंगविषयक थट्टेला थट्टाच म्हणत राहतो. वस्तुतः दोहोंचे मूळ एकच आहे: माणसाने काय केले याच्यावरून नव्हे, तर तो कोणाच्या पोटी आणि कोणत्या कातडीत जन्मला याच्यावरून त्याची किंमत ठरवणे. या मूळ व्याधीला आपल्या देशात हजारो वर्षे जात हे नाव आहे, आणि म्हणून वर्णावरून दिलेली शिवी कोल्हापूरला परकी वाटण्याचे काहीच कारण नाही.

येथे स्टेडियमच्या नावाचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. ज्या राजाचे नाव त्या प्रवेशद्वारावर आहे, त्याने २६ जुलै १९०२ रोजी आपल्या संस्थानातल्या नोकऱ्यांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला; पुढे सार्वजनिक जागी अस्पृश्यता पाळण्यास मज्जाव करणारे हुकूम काढले; १९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत तरुण भीमराव आंबेडकरांच्या पाठीशी आपले सर्व वजन उभे केले. आणि या सर्व दफ्तरी नोंदींहून मला अधिक बोलकी वाटणारी गोष्ट गंगाराम कांबळे यांची आहे. संस्थानच्या नोकरीत असलेल्या या माणसाने पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्याला सवर्णांनी बेदम मारले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, पण त्याच गंगारामाला भर वस्तीत चहाचे दुकान घालून दिले, आणि स्वतः गाडी थांबवून तेथला चहा घेऊ लागले, आपल्याबरोबरच्या उच्चवर्णीयांनाही पाजू लागले. कायदा माणसाला मारहाणीपासून वाचवू शकतो, पण अपमान पुसायचा तर प्रतिष्ठित माणसाला सर्वांसमक्ष अपमानिताच्या शेजारी जाऊन उभे राहावे लागते, हे त्या राजाला उमगले होते. त्याच्या नावाच्या मैदानात कोणाच्या जन्मावरून, वर्णावरून किंवा जातीवरून आरोळी उठणे, ही इतर कोणत्याही मैदानातल्या आरोळीहून अधिक लज्जास्पद गोष्ट आहे असे मी मानतो.

याच राजाने १९१२ साली बांधून पुरे केलेले खासबाग मैदान तेथून हाकेच्या अंतरावर आहे, आणि परक्या खेळाडूशी कसे वागावे याची परंपरा शिकायला कोल्हापूरकराला दूर जाण्याचे प्रयोजन नाही. शाहूंच्या पदरी पंजाबचे मल्ल होते, त्यांना वेतन होते, खुराक होता, मान होता. स्वातंत्र्यानंतरच्या काळात, फाळणीच्या जखमा ओल्या असताना, पाकिस्तानचा सादिक पंजाबी या शहरात राहून कुस्ती खेळला, हिंदकेसरी गणपतराव आंदळकरांशी झालेल्या त्याच्या लढतींना अलोट गर्दी लोटली, आणि ती गर्दी निव्वळ आंदळकरांची असूनही सादिकच्या डावाला तिने दाद दिली. कुस्तीच्या आखाड्यात हे साधले याचे एक कारण वस्तादाच्या शिस्तीत आहे. तालमीतल्या पोराने गैरशब्द काढला तर वस्ताद त्याला मैदानाबाहेर काढत असे आणि त्याचा बापही वस्तादाकडे जाब विचारायला येत नसे. फुटबॉलने तालमीचे नाव घेतले, निशाण घेतले, ईर्षाही घेतली. तो वस्ताद मात्र गॅलरीत आणायचा राहून गेला.

गर्दीत माणूस असा का वागतो याचे उत्तर शोधताना नुसते अज्ञान हे कारण पुरत नाही, कारण हुल्लड करणाऱ्यांत पदवीधर असतात, चांगल्या नोकरीतले असतात, घरी अत्यंत सौजन्याने वागणारेही असतात. एकटा माणूस आपल्या शब्दाचा मालक असतो आणि त्या मालकीची जोखीम ओळखतो. हजारांत मिसळल्यावर शब्द कोणाचाच राहत नाही. शेजारचा ओरडतो म्हणून हा ओरडतो, आणि हा ओरडला म्हणून मागचा अधिक अर्वाच्य ओरडतो. त्यात अलीकडे मोबाइलची भर पडली आहे. सामन्याच्या आदल्या रात्रीपासून एकमेकांच्या पेठेला डिवचणारी चित्रे आणि स्टेटस फिरू लागतात, त्यामुळे प्रेक्षक गॅलरीत पाय ठेवतो तो आधीच तापलेला असतो. आणि गॅलरीत दिलेली शिवी तिथेच विरून न जाता रात्री पुन्हा शेकडो हातांत खेळू लागते. ज्या खेळाडूला ती दिली तो आपल्या खोलीवर परत गेल्यानंतरही तिच्यापासून सुटत नाही.

ज्या खेळाच्या प्रेक्षकांच्या सभ्यतेचा दाखला जगभर दिला जातो, त्या रग्बीलाही हे दुखणे चुकलेले नाही. रग्बीशी आपला एक जुना संबंध आहे: इंग्लंड आणि स्कॉटलंड हे दोन देश १८७९ पासून ज्या कलकत्ता चषकासाठी लढत आले आहेत, तो कलकत्त्याच्या एका विसर्जित क्लबाने आपल्या शिलकी चांदीच्या रुपयांची आटणी करून घडवलेला आहे. दोन्ही बाजूंच्या समर्थकांना एकाच गॅलरीत शेजारी शेजारी बसवणारा आणि पंचाला ‘सर’ म्हणून संबोधणारा हा खेळ. तरीही २०२३ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडविरुद्ध १२–११ असा अवघ्या एका गुणाने जिंकल्यावर, त्या सामन्याचे पंच वेन बार्न्स आणि त्यांचे दूरचित्रण-पंच टॉम फोली यांना इतकी शिवीगाळ व धमक्या सोसाव्या लागल्या की, फोली यांनी आंतरराष्ट्रीय सामन्यांचे काम काही काळ सोडून दिले. इंग्लंडकडून खेळलेल्या लूथर बरेल याने २०२२ साली आपल्या वर्णावरून सहकाऱ्यांनीच केलेल्या थट्टेची हकिकत जाहीरपणे सांगितली, तेव्हा सर्वांना धक्का बसला तो याचा की हे सगळे ‘गंमत’ या नावाखाली चालत होते. तात्पर्य, परंपरेच्या भरवशावर कोणत्याही खेळाने निश्चिंत राहू नये.

इंग्लंडमधील फुटबॉलची गोष्ट अधिक बोधप्रद आहे, कारण तेथे हा रोग आपल्यापेक्षा कितीतरी भयंकर अवस्थेला पोचला होता. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत कृष्णवर्णी खेळाडूंवर मैदानात केळी फेकली जात. १९९१ च्या कायद्याने सामन्यातील वर्णद्वेषी घोषणा हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. परंतु तो गुन्हा सिद्ध होण्यासाठी घोषणा एकाहून अधिक माणसांनी मिळून दिलेली असावी लागे, म्हणजे एकट्या माणसाने कितीही विषारी शब्द काढला तरी तो सुटत असे. ही पळवाट १९९९ साली बुजवण्यात आली. शिवाय दोषी ठरलेल्याला काही वर्षे स्टेडियमचे दार बंद करण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला, आणि ज्याचा आठवडा शनिवारच्या सामन्यावर उभा आहे त्या माणसाला दंडाच्या पावतीपेक्षा ही बंदी कितीतरी अधिक बोचली. स्पेनमध्ये व्हिनिसियस ज्युनियर या ब्राझिलियन खेळाडूला व्हॅलेन्सियाच्या मैदानात २०२३ साली वर्णावरून अपमानित करणाऱ्या तिघांना पुढच्याच वर्षी न्यायालयाने आठ महिन्यांच्या कैदेची शिक्षा दिली.

ऑस्ट्रेलियाने निराळी वाट धरली. १९९३ च्या एप्रिलमध्ये निकी विनमार या आदिवासी खेळाडूने मेलबर्नच्या मैदानात दिवसभर शिव्या ऐकल्यानंतर, सामना जिंकून, त्या प्रेक्षकांसमोर आपला सदरा वर उचलला आणि आपल्या कातडीकडे बोट दाखवले. ते छायाचित्र त्या देशाच्या इतिहासाचा भाग झाले आहे. दोन वर्षांनी तेथील फुटबॉल लीगने वर्णविषयक अवमानाविरुद्ध नियम केला, त्यात दंडाच्या आधी अपमान करणाऱ्याला अपमानिताच्या समोर बसवून बोलते करण्याची तजवीज होती. आपल्या पंचायतीच्या परंपरेला ही रीत अपरिचित वाटू नये.

मग आपल्याकडे कायदा नाही काय? आहे. सार्वजनिक जागी अश्लील बोलणे, शांतताभंग व्हावा अशा हेतूने अपमान करणे, वंश वा जन्मस्थानावरून समाजगटांत वैर पेटवणे हे भारतीय न्याय संहितेत गुन्हे आहेत; महाराष्ट्र पोलीस कायद्यात असभ्य वर्तनाची कलमे १९५१ पासून आहेत; अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाचा जातीवरून जाहीर अपमान करणाऱ्या इतरांना १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो; आणि वारंवार हुल्लड करणाऱ्यांकडून शांतता राखण्याचा मुचलका लिहून घेण्याची मुभा प्रशासनाला पूर्वापार आहे. परंतु निव्वळ वर्णावरून एका व्यक्तीला दिलेली शिवी यांतल्या कोणत्याच कलमात नेमकी बसत नाही. २०१४ साली दिल्लीत निडो तानिया या अरुणाचलच्या तरुणाचा मारहाणीत मृत्यू झाल्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने त्यासाठी दंडसंहितेत नवी कलमे घालण्याची शिफारस केली होती. ती कलमे आजतागायत कायद्यात आलेली नाहीत. वर्णद्वेषाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार १९६८ सालीच मान्य केलेल्या देशाला हे शोभत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात, जिथे सेव्हन्स, म्हणजे सात-सात खेळाडूंच्या, फुटबॉलचे वेड कोल्हापूरसारखेच पेठापेठांतून पोसलेले आहे आणि जिथेही आफ्रिकी खेळाडूंना संघ बोलावून आणतात, तिथे आयव्हरी कोस्टच्या एका खेळाडूला प्रेक्षकांनी पाठलाग करून मारले. आपल्याला वर्णावरून शिव्या दिल्या गेल्या अशी त्याची फिर्याद होती. कोल्हापूरने या बातमीकडे दुसऱ्याच्या गावची म्हणून पाहू नये.

कारवाई करायची तर ती अचूक माणसावर व्हावी, हेही तितकेच महत्त्वाचे. २०२१ च्या जानेवारीत सिडनीच्या कसोटीत मोहम्मद सिराजने सीमारेषेवरून येऊन पंचांकडे तक्रार केली, कर्णधार अजिंक्य रहाणे त्याच्या पाठीशी उभा राहिला, खेळ काही मिनिटे थांबला आणि सहा प्रेक्षकांना स्टेडियमबाहेर काढण्यात आले. पुढे क्रिकेट ऑस्ट्रेलियाने चौकशीअंती भारतीय खेळाडूंचा वर्णावरून अपमान झाल्याचे मान्य केले. मात्र बाहेर काढलेल्या त्या सहा जणांकडून तो झाल्याचे निष्पन्न झाले नाही, आणि खरे दोषी सापडले नाहीत. खेळाडूने बोलावे, पंचाने ऐकावे, कर्णधाराने साथ द्यावी, हे सर्व सिडनीत झाले. उणीव राहिली ती ओळख पटवण्याची. जेथे गॅलरीत आसनांना क्रमांक नाहीत, प्रवेशिकेवर नाव नाही आणि कॅमेऱ्याची नजर सर्वत्र पोचत नाही, तेथे शिक्षा एक तर कोणालाच होत नाही किंवा भलत्यालाच होते. आणि सरसकट संपूर्ण संघावर बंदी घातली म्हणजे वर्षभर घाम गाळलेल्या अकरा निरपराध पोरांचा हंगाम बुडतो व हुल्लड करणारा पुढच्या सामन्याला दुसऱ्या गॅलरीत जाऊन बसतो.

जागतिक फुटबॉल महासंघाने पंचाच्या हाती तीन पायऱ्यांचा अधिकार दिला आहे: प्रथम खेळ थांबवून ध्वनिक्षेपकावरून ताकीद, मग दोन्ही संघांना काही काळ मैदानाबाहेर नेणे, आणि तरीही प्रकार न थांबला तर सामना रद्द करणे. २०२४ साली बँकॉकच्या अधिवेशनानंतर खेळाडूने मनगटे एकमेकांवर आडवी धरून पंचाला खूण करण्याची पद्धतही त्यात आली, त्यामुळे भाषा न येणारा परदेशी खेळाडूही आपली तक्रार शब्दावाचून सांगू शकतो. मैदानातल्या खेळाडूने वर्णावरून अपशब्द वापरला तर किमान दहा सामन्यांची बंदी हा त्या महासंघाचा दंड आहे. स्थानिक स्पर्धेत हे सर्व अंमलात आणायला कोट्यवधींचा खर्च लागत नाही; एक ध्वनिक्षेपक, एक लेखी नियम आणि तो वापरणाऱ्या पंचाच्या पाठीशी उभी राहणारी संस्था एवढे पुरते. यांतली शेवटची गोष्ट सर्वांत दुर्मीळ असते, कारण पंचाला सामन्यानंतर याच शहरात, याच रस्त्यांवरून घरी जायचे असते.

म्हणून माझा भरवसा अखेर पोलिसांच्या काठीपेक्षा तालमीवर अधिक आहे. कोल्हापूरच्या गॅलरीत कोण कोणत्या पेठेचा, कोणाचा मुलगा आणि कोणाचा मेहुणा हे सर्वांना ठाऊक असते. लंडनच्या स्टेडियमला जे कॅमेऱ्यांनी शोधावे लागते ते येथे चौकातल्या कट्ट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला तोंडपाठ असते. एखाद्या मंडळाने आपल्याच समर्थकाला बोलावून, “या हंगामात तुझ्या अंगावर आपली जर्सी दिसता कामा नये,” असे चार ज्येष्ठांच्या समक्ष सांगितले, तर त्या निकालावर कोणत्याही न्यायालयात अपील नसते. प्रत्येक संघाने आपल्या गॅलरीत आपल्याच पेठेतले, ज्यांचा शब्द मोडण्याची तरुणांची छाती होणार नाही असे जुने खेळाडू उभे करावेत. परदेशी खेळाडूला करारावर सही करताना पगाराच्या आकड्याबरोबर तक्रार कोणाकडे करायची त्या माणसाचे नावही सांगावे. आणि विरुद्ध संघातल्या परदेशी खेळाडूवर आपल्या गॅलरीतून आरोळी उठली तर दुसऱ्या दिवशी आपल्या कर्णधाराने त्याच्या खोलीवर जाऊन त्याची क्षमा मागावी. गंगाराम कांबळ्यांच्या दुकानातला चहा ज्या शहराने पाहिला, त्याला हे अवघड जाऊ नये.

केएसएच्या पदाधिकाऱ्यांना आणि पेठापेठांच्या मंडळांना माझी विनंती एवढीच आहे की, येत्या हंगामाचा पहिला सामना सुरू होण्यापूर्वी वर्ण, जात, धर्म किंवा जन्मस्थान यांवरून होणाऱ्या शिवीगाळीविरुद्धचा नियम मराठीत, सोप्या शब्दांत लिहून काढावा, खेळ थांबवण्याचा अधिकार त्यात पंचाला स्पष्टपणे द्यावा, प्रत्येक संघाच्या अध्यक्षाची त्याखाली सही घ्यावी, आणि तो दोन्ही संघ मैदानात उभे असताना भरलेल्या गॅलरीसमोर मोठ्याने वाचून दाखवावा.